विकायला ठेवलेली १९७० ची शेव्हेल एसएस ४५४: रंग नंतर, आकडे आधी

१९७० ची शेव्हेल एसएस ४५४ ही शेव्हर्लेची मोठ्या इंजिनाची जुनी अमेरिकन गाडी, एसएस म्हणजे सुपर स्पोर्ट. तिच्या जाहिरातीतला पहिला फोटो ठरलेला असतो. गाडी तिरकी उभी, लाल रंग, बॉनेटवर दोन काळे पट्टे, ग्रिलच्या मधोमध एसएसचा बिल्ला. खाली लिहिलेलं असतं: फ्रेम-ऑफ रिस्टोरेशन (बॉडी चेसिसवरून उचलून केलेली दुरुस्ती), मॅचिंग नंबर्स (इंजिनावरचे आकडे गाडीच्या आकड्यांशी जुळणारे), ४५४ (इंजिनाचं आकारमान, घन इंचांत), फोर-स्पीड (हातानं बदलायचे चार गिअर). किंमत सहा आकडी डॉलरमध्ये. ही किंमत नेमकी कशाची, हे आधी ओळखायचं. १९७० च्या शेव्हेलचे पट्टे, बिल्ले, बॉनेट, सीटकव्हर, डॅशबोर्ड, इतकंच काय मागचे क्वार्टर पॅनलसुद्धा आज नवेकोरे मिळतात. साधी मालिबू (शेव्हेलचंच एसएस नसलेलं रूप) घेऊन तिची एसएस करणं हे काही महिन्यांचं काम आहे. विकत मिळत नाहीत ते मूळ आकडे आणि मूळ कागद. सहा आकड्यांतले बरेचसे पैसे त्यांचेच असतात.

आणि इथेच शेव्हेल पंचाईत करते. १९६६ ते १९६८ या वर्षांत एसएस ३९६ हे वेगळं मॉडेल होतं, त्यामुळे व्हिन (गाडीचा ओळख क्रमांक) १३८ ने सुरू झाला की प्रश्न मिटला. १९६९ पासून एसएस हे निव्वळ ऑप्शनचं पॅकेज झालं. १९७० च्या हार्डटॉपचा व्हिन १३६३७ ने सुरू होतो: शेव्हर्ले, मालिबू मालिकेची व्ही-८, दोन दारांची स्पोर्ट कूपे. पुढचं शून्य म्हणजे वर्ष, मग कारखान्याचं अक्षर (बी म्हणजे बाल्टिमोर, के म्हणजे कॅन्सस सिटी, एल म्हणजे व्हॅन नाइस) आणि शेवटी सहा आकडी क्रमांक. भाजी आणायला घेतलेली ३०७ इंजिनाची मालिबूसुद्धा याच १३६३७ ने सुरू होते. इंजिनाचं अक्षर व्हिनमध्ये आलं ते १९७२ ला. त्यामुळे ‘व्हिनवरून ही अस्सल एसएस आहे’ असं १९७० च्या गाडीबद्दल कुणी लिहिलं असेल, तर त्याला गाडी कळत नाही किंवा तुम्हाला कळत नाही असं त्यानं धरलंय.

बाकीच्यांचं बरं आहे. क्रायस्लरच्या १९७० च्या गाड्यांत व्हिनचं पाचवं अक्षर इंजिन सांगतं, आर म्हणजे ४२६ हेमी. पाँटिअ‍ॅकच्या मूळ नोंदी पीएचएस (पाँटिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) कडून, फोर्डच्या मार्टी रिपोर्टमधून मिळतात. अमेरिकेत विकलेल्या शेव्हर्लेची अशी नोंद मिळत नाही. फक्त कॅनडात नवी विकली गेलेली गाडी असेल, तर जनरल मोटर्सच्या कॅनडा शाखेकडून कागद निघतो, आणि म्हणूनच कॅनडाच्या गाडीला थोडा जास्त भाव येतो.

मग पुरावा उरतो तो दोन चीजांचा. एक बिल्डशीट. कारखान्यात लाइनवरच्या माणसांसाठी काढलेला हा कागद पेट्रोलच्या टाकीच्या वर किंवा सीटच्या स्प्रिंगांत अडकून राहायचा. त्यावर झेड१५ दिसलं तर एसएस ४५४, झेड२५ दिसलं तर एसएस ३९६. दुसरी प्रोटेक्ट-ओ-प्लेट, म्हणजे वॉरंटीच्या पुस्तिकेतली उठावाच्या अक्षरांची छोटी धातूची पट्टी. हिच्यावर इंजिनाचा कोड असतो. दोन्हींच्या नकला बाजारात आहेत. टाकीवर पन्नास वर्षं पडून राहिलेला कागद तपकिरी, भुसभुशीत, घड्यांवर फाटलेला असतो. सगळीकडे सारखा पिवळा दिसणारा आणि अक्षर न् अक्षर वाचता येणारा कागद पाहिला की मला आधी शंका येते.

आता इंजिनावरचा पॅड. सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. गाडीच्या उजव्या बाजूला, सिलिंडर हेडच्या पुढच्या कडेखाली ब्लॉकचा एक सपाट ओठ बाहेर आलेला असतो. अल्टरनेटर मध्ये येतो, म्हणून टॉर्च आणि छोटा आरसा लागतो. ब्रेक क्लीनर मारून मऊ कापडानं पुसा. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर अजिबात लावू नका, कारण जे बघायचं तेच पुसलं जाईल. कारखान्यात ब्लॉकचा माथा ब्रोचिंगनं सपाट केला जायचा, त्याच्या बारीक समांतर रेघा पुढून मागे जाताना दिसतात. आकड्यांच्या आजूबाजूला आणि आकड्यांखालीही त्या रेघा हव्यात. पॅड आरशासारखा गुळगुळीत असेल, किंवा गोल फिरलेल्या कटरच्या खुणा असतील, तर माथा नंतर मशीनवर चढलाय. प्रामाणिक रिबिल्डमध्येही हे होतं, पण मग त्यावरचे आकडे पुन्हा मारलेले आहेत, आणि पुन्हा मारलेल्या आकड्यांना मॅचिंग नंबर्सचा भाव द्यायचा नाही.

पॅडवर दोन ओळी असतात आणि त्या दोन वेगळ्या ठिकाणी मारलेल्या असतात. पहिली इंजिनाच्या कारखान्यात: टी म्हणजे टोनावांडा, मग महिना आणि तारीख, मग तीन अक्षरी कोड. टी०२१२सीआरव्ही म्हणजे १२ फेब्रुवारीला जोडलेलं एलएस६ (४५४ चा जास्त ताकदीचा प्रकार, कमी ताकदीचा तो एलएस५), फोर-स्पीडसाठी. सीआरआर म्हणजे तेच इंजिन ऑटोमॅटिकसाठी. दुसरी ओळ गाडी जुळवणाऱ्या कारखान्यातली: १, ०, कारखान्याचं अक्षर आणि व्हिनचे शेवटचे सहा आकडे. दोन वेगळी गावं, दोन वेगळी हत्यारं, म्हणून खोली, वळण आणि सरळपणा यांत फरक असतोच. दोन्ही ओळी एकाच हातानं, एकाच टायपात मारल्यासारख्या दिसल्या तर त्या तशाच मारलेल्या आहेत.

तारखांचा क्रमही लावून बघा. ब्लॉकवरची ओतकामाची तारीख अक्षर-दिवस-वर्ष अशी असते, ए जानेवारी ते एल डिसेंबर. बी ५ ० म्हणजे ५ फेब्रुवारी १९७०. आधी ओतकाम, मग इंजिनाची जोडणी, मग फायरवॉलवरच्या पत्र्याच्या टॅगवरचा बॉडीचा आठवडा (०२सी म्हणजे फेब्रुवारीचा तिसरा). मार्चमध्ये ओतलेला ब्लॉक फेब्रुवारीच्या गाडीत बसत नाही.

कोड एलएस६ चा असला तरी वर बसवलेलं सामान त्याला साजेसं आहे का ते बघायचं. एलएस५ ला ३६० हॉर्सपॉवर, १०.२५ कॉम्प्रेशन, हायड्रॉलिक टॅपेट, ओव्हल पोर्टची हेड, बिडाचा इनटेक आणि क्वाड्राजेट कार्ब्युरेटर. एलएस६ ला ४५० हॉर्सपॉवर, ११.२५ कॉम्प्रेशन, सॉलिड टॅपेट, चौकोनी पोर्ट, अ‍ॅल्युमिनियमचा इनटेक आणि ७८० सीएफएमचा होली कार्ब्युरेटर. एलएस६ चालू असताना टॅपेटची टकटक ऐकू यायलाच हवी. इंजिन शिवणयंत्रासारखं गप्प चालत असेल तर आत हायड्रॉलिक कॅम टाकलाय. तो गुन्हा नाही, पण जाहिरातीत लिहायला हवा. गाडीखाली मागच्या डिफरन्शियलच्या झाकणाचे बोल्ट मोजा, बारा हवेत. मागचे खालचे कंट्रोल आर्म पेटीसारखे चारी बाजूंनी बंद हवेत, पन्हळीसारखे उघडे नाहीत. पेट्रोलची मुख्य नळी ३/८ इंची हवी. छोट्या व्ही-८ ला ती ५/१६ असे, आणि नकली एसएस करताना ती बदलायला बरेचजण विसरतात.

फ्रेम-ऑफ या शब्दाला शेव्हेलमध्ये अर्थ आहे, कारण तिची बॉडी वेगळ्या चेसिसवर रबरी माउंटांवर बसते. (कमारोच्या जाहिरातीत हाच शब्द दिसला तर हसून पुढे जा. तिला पूर्ण फ्रेमच नाही, पुढे फक्त सबफ्रेम आहे.) खरोखर बॉडी उचलली होती का, हे कळायला दातांच्या डॉक्टरांकडचा छोटा आरसा बॉडी आणि चेसिस यांच्या फटीत सरकवा. चेसिसचा वरचा पृष्ठभागही खालच्याइतकाच स्वच्छ आणि रंगवलेला हवा. वर जुना चिखल आणि पापुद्रे असतील, तर खालून नुसता काळा स्प्रे मारलाय.

गंजाची सुरुवात मागच्या काचेच्या खालच्या दोन कोपऱ्यांत होते. क्रोमच्या पट्टीखाली पाणी साचतं, पत्रा आतून खातं आणि डिकीत उतरतं. विनाइलचं छप्पर असेल तर हे वर्षानुवर्षं झाकलेलं राहतं. काचेच्या कडेनं बोट दाबत न्या, फुगवटा लागला की तिथे पत्रा गेलेला असतो. डिकीतलं मॅट उचला, स्टेपनीचा खड्डा आणि दोन्ही बाजूंचे खोलगट भाग बघा. रंगाच्या जाडीचा गेज सोबत ठेवा. चांगल्या पद्धतीनं पुन्हा रंगवलेल्या पत्र्यावर साधारण १५० ते ३०० मायक्रॉन येतात. पाचशेच्या वर गेलं की खाली लांबी (पुट्टी) भरलेली असण्याचा संशय, आणि हजाराच्या वर संशयाला जागाच नाही. मागच्या चाकांमागे क्वार्टर पॅनलच्या तळाला आणि पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला गेज आधी लावा.

इंजिन थंड असतानाच बघायला जा. विक्रेत्यानं आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. सुरू होताना निळा धूर एकदा फसकन आला आणि गेला तर व्हॉल्व्ह सील. वेग वाढवताना सतत येत राहिला तर रिंगा. गरम झाल्यावर ऑइल प्रेशर दर हजार आरपीएमला सुमारे १० पीएसआय असेल तर ठीक. सिग्नलला तापणाऱ्या ४५४ ला बऱ्याचदा मोठा रेडिएटर नको असतो. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं श्राउड कुणीतरी काढून टाकलेलं असतं, एवढंच.

‘नुकतंच रिबिल्ट’ या शब्दांवर तीन प्रश्न विचारा. पिस्टनचं कॉम्प्रेशन किती ठेवलं? अमेरिकेत पंपावर ९१ ते ९३ ऑक्टेनचं प्रीमियम मिळतं, त्यावर ११.२५ चं इंजिन ओढताना खडखडतं आणि पिस्टन फोडतं. व्हॉल्व्ह सीट कठीण केल्या का, कारण मूळच्या सीट शिसं घातलेल्या पेट्रोलच्या भरवशावर होत्या. आणि फ्लॅट टॅपेट कॅमचा ब्रेक-इन कुणी केला? पहिल्या स्टार्टलाच २००० आरपीएमच्या वर वीसेक मिनिटं, जास्त झिंक असलेल्या ऑइलवर. हे चुकलं तर कॅमचे उंचवटे घासले जातात आणि लोखंडाचा भुगा बेअरिंगांत जातो. बिलं असतील तर ही उत्तरं बिलांत मिळतात.

मागचा गिअर रेशो जाहिरातीत अभिमानानं ४.१० लिहिलेला असेल, तर ताशी ६० मैलांना इंजिन ३१०० च्या पुढे ओरडत राहणार. ३.३१ ला ते साधारण २५५० वर शांत चालतं. लांबच्या रस्त्याला नेणार असाल तर ३.३१ बरा.

कागद नसलेली, पण नीट बांधलेली नकली एसएस घ्यायला काहीच हरकत नाही, ‘ट्रिब्यूट’ म्हणून ट्रिब्यूटच्या भावात. लिलावात घेत असाल तर बोलीवर खरेदीदाराचं प्रीमियम चढतं, बहुधा १० टक्क्यांच्या आसपास. मर्यादा ठरवताना ते आधी वजा करा. टायटलवरचा (मालकीच्या कागदावरचा) व्हिन डॅशबोर्डवरच्या पट्टीशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे, आणि ती पट्टी सहा पाकळ्यांच्या फुलासारख्या रिव्हेटांनी बसलेली हवी. साधे पॉप रिव्हेट दिसले तर तिथूनच परत फिरा. टायटल विक्रेत्याच्याच नावावर हवं, आधीच्या मालकाची सही केलेलं आणि खरेदीदाराचं नाव कोरं सोडलेलं नको. विमा अ‍ॅग्रीड व्हॅल्यूचा घ्या, म्हणजे गाडी पूर्ण गेली तर पॉलिसीत ठरलेली रक्कमच मिळते. टायर नवे दिसले तरी बाजूचा चार आकडी कोड वाचा: ०८१२ म्हणजे २०१२ चा आठवा आठवडा. पाच हजार मैलही न चाललेल्या गाडीवर असे चकचकीत, पण आतून कडक झालेले टायर सर्रास सापडतात.