तुम्ही विचारलंत म्हणून: इंजिनिअरिंग सोडून जर्मन का?

"मेकॅनिकल अर्धवट सोडून तुम्ही बी.ए.ला जर्मन घेतलंत. त्यापेक्षा क्लास लावला असता तर?" मुलं हे विचारतात, आणि मुलांपेक्षा जास्त त्यांचे आईवडील.

भाषा क्लासमध्ये शिकता येते आणि छान येते. ए-वनपासून सी-टूपर्यंतच्या पातळ्या ठरलेल्या आहेत. इंजिनिअरिंग सांभाळून संध्याकाळच्या बॅचला बी-टू गाठलेली मुलं मी पाहिली आहेत. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून तर ही चौकशी फारच वाढली. तिकडे नोकरी एवढंच मनात असेल, तर हातातली शाखा सोडू नका. जर्मनीला इंजिनिअर हवे आहेत.

मला मात्र कामापुरती भाषा पुरेना. ती अशीच का आहे, हे जाणून घ्यायचं होतं.

भाषेच्या इतिहासाचा एक तास सांगते. याकोब ग्रिम या जर्मन भाषाभ्यासकानं 1822 मध्ये एक नियम मांडला. संस्कृत, लॅटिनमध्ये जिथे 'प' आहे, तिथे जर्मानिक भाषांत, म्हणजे जर्मन, इंग्रजी यांच्या कुळात, 'फ' येतो. आपला 'पाद', इंग्रजी 'फूट', जर्मन 'फूस'. 'पितर्', 'फादर', 'फाटर'. इथवर सगळं सरळ. मग बाईंनी फळ्यावर शेजारी 'भ्रातर्' आणि 'ब्रूडर' लिहिलं. संस्कृतात दोन्ही शब्दांत मधे 'त'च आहे. मग जर्मनमध्ये एकीकडे 'ट' आणि दुसरीकडे 'ड' कसा? ग्रिमच्या नियमाला हा अपवादच होता. त्याची उकल 1870च्या दशकात कार्ल व्हेर्नर या डॅनिश अभ्यासकानं केली. मूळ शब्दात आघात कुठे होता, ते बघा, असं त्यानं दाखवलं. वैदिक उच्चारात 'पितर्'चा उदात्त, म्हणजे वर चढणारा स्वर, दुसऱ्या अक्षरावर आहे आणि 'भ्रातर्'चा पहिल्या. जर्मनमधून हा फरक केव्हाच पुसला गेला, पण त्याची खूण व्यंजनात राहून गेली. आणि तो आघात कुठे होता हे सांगणारा मोठा पुरावा वेदपठणानं जपून ठेवला होता.

वर्गात माझ्या अंगावर काटा आला. घरात आजोबांचं वेदपठण ऐकत मी मोठी झाले होते. असा तास क्लासमध्ये होत नाही, व्हायची गरजही नाही. विद्यापीठ त्याच्यासाठीच असतं.

आता व्यवहाराचं. हो, वर्षं जातात. एफ.वाय.पासून सुरुवात करावी लागते. थर्मोडायनॅमिक्सचे क्रेडिट जर्मन साहित्याच्या जागी चालत नाहीत. आधी भाषा यायलाच हवी असं नाही. दिल्लीच्या जेएनयूत बी.ए. ऑनर्सला सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेतून प्रवेश मिळतो आणि शून्यापासून शिकवतात. शेवटच्या वर्षाला असाल तर मात्र पदवी पुरी कराच. कुठल्याही शाखेची पदवी आणि भाषेची ठरलेली पातळी असली, की एम.ए.चा रस्ता उघडतो. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात, माझ्याबरोबर कॉमर्सचे आणि सायन्सचे कितीतरी जण होते.

बाबांनी तेव्हा एवढंच विचारलं होतं, "पोट भरेल ना?" भरतं. शिकवणं आहे, भाषांतर आहे. यंत्रांची मॅन्युअल्स भाषांतराला येतात, तेव्हा बेअरिंग आणि बुशिंग यांतला फरक कळणारा माणूस लागतो. मेकॅनिकलची ती वर्षं मला आजही पैसे मिळवून देतात. पण सुरुवातीला उत्पन्न कमी आणि अनियमित असतं, हे घरी आधीच स्पष्ट सांगा.

आणि अर्ज भरण्याआधी तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम मिळवून वाचा. पहिल्या वर्षाचा नको, त्यात बहुतेक व्याकरणच असतं. तिसऱ्या वर्षाच्या कविता, भाषांतराचे पेपर, भाषाविज्ञान वाचून शिकावंसं वाटलं, तर या. नाही वाटलं, तर संध्याकाळची बॅच उत्तम.