शेडसाठी एचटी (हाय टेन्साइल, जास्त ताकदीचे) बोल्ट घेताना काय तपासलं: माझा अनुभव

लोटे परशुराम एमआयडीसीतल्या एका पोलादी शेडच्या बोल्टांची खरेदी माझ्याकडे होती. ड्रॉइंगवर कॉलम आणि राफ्टरच्या (छताच्या तिरक्या तुळईच्या) जोडासाठी इतकंच लिहिलेलं: एम20 (20 मिमी व्यासाचे), 8.8 (ताकदीचा वर्ग), गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेले), पूर्ण ताण देऊन आवळायचे. एवढ्यावर बाजारात बोल्ट मिळतो, पण नेमका कोणता मिळेल याचा नेम नाही.

‘एचटी बोल्ट द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा काउंटरवर आयएस (भारतीय मानक) 1364 चा मशीनसाठीचा बोल्ट येतो. 8.8 तोही असतो आणि साध्या आवळणीच्या जोडाला चालतो. पूर्ण ताणाच्या जोडाला मात्र आयएस 3757 चा बोल्ट, आयएस 6623 चा नट आणि आयएस 6649 चा कडक केलेला वॉशर लागतो. ओळख सोपी आहे. साध्या एम20 च्या डोक्याला 30 मिमीचा पाना बसतो. आयएस 3757 च्या बोल्टचं डोकं मोठं, त्याला तो बसत नाही. डोक्यावर कंपनीची खूण आणि वर्गाच्या आकड्यापुढे ‘एस’ हे अक्षर हवं. कोरं डोकं असेल तर भाव कितीही चांगला असो, मी घेत नाही.

लांबी ठरवायला सर्वांत जास्त वेळ दिला आणि तो द्यावाच. जोडाच्या दोन्ही एंड प्लेट (टोकाच्या प्लेटा) 20 आणि 20 मिमी, म्हणजे ग्रिप (बोल्टने धरायची एकूण जाडी) 40 मिमी. नटाखालचा वॉशर 4, नटाची उंची 20 धरली, नटाबाहेर दोन-तीन आटे म्हणजे सुमारे 7. बेरीज 71, म्हणून 75 चा बोल्ट. ‘सगळीकडे 90 चाच घ्या, एकच साइज बरी पडते’ असा सल्ला मिळतो, तो ऐकू नये. स्ट्रक्चरल बोल्टचे आटे आखूड असतात. बोल्ट लांब झाला की नट आटे संपतात तिथे अडकतो, पाना घट्ट लागतो आणि प्लेटा सैलच राहतात. वरून ते दिसतही नाही. मग साइटवर दोन-तीन वॉशर चढवून जुळवाजुळव होते. त्यापेक्षा प्रत्येक जोडाची ग्रिप लिहून साइजवार यादी करणं कितीतरी सोपं.

पूर्ण आट्यांचा बोल्टही दुकानदार हमखास पुढे करतो, कारण तो कुठल्याही ग्रिपला चालतो. पण जिथे बोल्टवर कातर (आडवा कापणारा जोर) येते तिथे फरक मोठा आहे. आयएस 800 च्या सूत्राने एम20, 8.8 च्या एका कातर-पातळीची ताकद, पातळीत आटे आले तर सुमारे 90 किलोन्यूटन आणि सलग दांडा आला तर 116. डिझाइनरने काय धरलंय ते खरेदीआधी विचारून घेतलं.

कोकणातली हवा आणि शेजारी रासायनिक कारखाने, त्यामुळे चकचकीत इलेक्ट्रोप्लेटिंग उपयोगाचं नव्हतं. तो थर पाच-आठ मायक्रॉनचा. हॉट डिपचा (वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेला) साधारण 50 मायक्रॉन असतो. एवढ्या जाड थरामुळे नटाचे आटे थोडे मोठे कापावे लागतात, म्हणून नट बोल्टच्याच कारखान्याचा, त्याच सेटमधला हवा. एका दुकानाने बोल्ट एका कंपनीचे आणि नट दुसरीकडचे देऊ केले. नट हाताने दोन फेरे जाऊन अडकला. दुसरा इतका सैल की बोल्टवर डुगडुगत होता. सैल नट जास्त धोक्याचा, कारण ताण आला की आटे सोलून निघतात. चांगल्या सेटमध्ये नट शेवटपर्यंत बोटांनी फिरतो आणि डुगडुगत नाही. 10.9 या आणखी ताकदीच्या वर्गाच्या बोल्टला मी हॉट डिप करून घेत नाही: ॲसिडमध्ये धुताना हायड्रोजन पोलादात शिरतो आणि आवळून झाल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी बोल्ट तडकू शकतो.

पैसे देण्याआधी टेस्ट सर्टिफिकेट मागितलं. त्यावरचा लॉट नंबर पेटीवरच्या नंबराशी जुळला पाहिजे. झेरॉक्सवर दुसराच लॉट असणं नवीन नाही. एम20, 8.8 ला तुटण्याचा भार किमान 203 किलोन्यूटन आणि कडकपणा 23 ते 34 एचआरसी (रॉकवेल मापाने) हवा. कडकपणा कमी असणं वाईटच, पण 34 च्या वर जाणंही वाईट, कारण तो बोल्ट ठिसूळ होतो. शंका वाटली तर प्रत्येक लॉटमधले काही नग एनएबीएल मान्यतेच्या लॅबमध्ये द्यावेत. एका जोडाच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नाही.

पर्लिनसाठी (छताचे पत्रे ज्यांवर बसतात त्या आडव्या पट्ट्यांसाठी) आयएस 1363 चे 4.6 वर्गाचे एम12 घेतले, तेही हॉट डिप. त्यांत फार डोकं घालावं लागत नाही, फक्त ते एचटीच्या पेटीत मिसळू द्यायचे नाहीत.

नग मोजताना शेकडा पाच जास्तीचे धरले. पूर्ण ताणाला आवळलेला गॅल्व्हनाइज्ड बोल्ट एकदा सोडवला की तो पुन्हा वापरायचा नाही, आणि इरेक्शनमध्ये (सांगाडा उभारताना) एखादा जोड उघडावा लागतोच. जुळणीसाठी वेगळे साधे बोल्ट आणले, म्हणजे चांगल्या सेटांना शेवटच्या आवळणीपर्यंत हात लागत नाही. पेट्या साइटवर फळीवर, ताडपत्रीखाली ठेवायच्या आणि लागतील तितक्याच फोडायच्या. नटावरचं वंगण धुऊन गेलं की पाना जड जातो आणि तेवढ्याच टॉर्कला बोल्टमध्ये ताण कमी येतो.