लाँसचं पब्लिक!
आज उत्तर फ्रान्समधल्या लाँसच्या स्टेडियममध्ये फुटबॉलची मॅच बघितली. गावाची वस्ती 30 हजारांच्या आसपास आणि स्टेडियममध्ये बसतात 38 हजार, म्हणजे आख्खं गाव आलं तरी जागा उरेल, पण भरतं हो, कारण सगळ्या खाणपट्ट्यातून लोक येतात! 1906 चा क्लब, कोळसा खाणवाल्यांचा. त्या भागातली शेवटची खाण 1990 ला बंद झाली, तरी सेकंड हाफच्या आधी सगळे लाल-सोनेरी मफलर वर धरून खाणकामगारांच्या वस्तीचं गाणं म्हणतात, आजोबा नातू शेजारी शेजारी, अंगावर काटाच आला माझ्या. फ्रान्सची लीग एकदाच जिंकलेत, 1998 ला, आणि 2023 ला पॅरिसच्या टीमपेक्षा (PSG) फक्त एक पॉइंट कमी पडला, तो मला अजून टोचतो. फ्रान्समधलं बेस्ट पब्लिक हेच, माझ्यासाठी तरी.