मामांच्या चिठ्ठ्या

मामा गेल्यावर माळ्यावरची त्यांची दप्तरं खाली काढली. लाल खारव्यात बांधलेली, गाठी घट्ट. घरातल्यांचा समज असा, की पुस्तक झालं नाही म्हणजे मामांचं तालुक्याच्या इतिहासावरचं संशोधन अर्धवटच राहिलं. चिठ्ठ्या वाचायला लागल्यापासून मला हे मुळीच पटत नाही.

एक चिठ्ठी सांगते. वर मोडीतली ओळ जशी दिसली तशी उतरवलेली, खाली तिचं बाळबोध वाचन, कोपऱ्यात कागद कुणाच्या घरी पाहिला ते. सन ‘इहिदे सितैन मया व अलफ’. हे अरबी आकडे: एक, साठ, शंभर, हजार. म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत चालणारं सुहूर सन ११६१. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७६० येतं. पण हे साल मृगापासून मृगापर्यंत चालतं, म्हणून जानेवारीपासून पुढच्या कागदाला ६०० मिळवावे लागतात. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ची, याच सालातली. तेव्हा पत्र लढाईआधीचं की नंतरचं, हे महिन्यावर ठरणार. मामांनी आधी १७६० लिहिलंय, मग ते खोडून शेजारी बारीक अक्षरात: ‘महिना फाटला आहे. निश्चय नाही.’

पुस्तकात ही खोडाखोड कधीच आली नसती. आणि मूळ पत्र आता नाही. वाटण्या झाल्या, वाडा पाडला, कागद बंबात गेले. राहिली ती ही चिठ्ठी.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ला धुळ्यात वारले. त्यांच्या पश्चात तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं, कागद सांभाळले गेले, म्हणून त्यांचा मराठी क्रियापदांचा धातुकोश १९३७मध्ये छापून निघाला. एका तालुक्यापुरतं काम करणाऱ्या माणसामागे असं कोण उभं राहतं? घरचेच. त्यांनी रद्दीत घातलं की संपलं.

मामेभाऊ म्हणाला, सगळं सालवार लावून टाकू. मी ठाम नको म्हटलं. वतनाच्या तंट्याची एक चिठ्ठी वंशावळीच्या घडीत खोचलेली आहे. तंट्यातला वादी या वंशावळीतलाच, असा मामांचा कयास असणार. तो कुठेही लिहिलेला नाही, फक्त तसा ठेवलेला आहे. चिठ्ठी उचलली की कयास गेला.

गंजलेल्या टाचण्या तेवढ्या काढतेय, त्या कागद खातात. चिकटपट्टी कशालाच लावत नाही. तिचा गोंद पिवळा पडतो आणि निघताना अक्षरं घेऊन जातो. फोटो दोन्ही बाजूंचे काढते, कारण मामा पाठकोऱ्या कागदांवर लिहायचे. मागे कुणाची लग्नपत्रिका असते, कधी सभेचं निमंत्रण. त्यावरच्या तारखेवरून चिठ्ठी कधीनंतरची ते कळतं.

मोडी नीट वाचणारं कुणी असेल तर जरूर कळवा. ‘निश्चय नाही’ लिहिलेल्या चिठ्ठ्या मी वेगळ्या काढलेल्या नाहीत, त्यांचे फोटो मात्र वेगळे ठेवलेत. आधी ते दाखवायचे आहेत.