उद्या वेस्ट हॅम

१५ ऑगस्ट २०२५, शुक्रवार

उद्या आठ वर्षांनी आमचा फुटबॉल क्लब संडरलंड पुन्हा प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये, खेळणार. आज कशातच लक्ष लागलं नाही. संध्याकाळपासून तीनदा संघ कागदावर मांडला आणि तिन्ही वेळा मिडफिल्डपाशी येऊन अडले.

२४ मेची वेम्ब्लीवरची प्ले-ऑफ फायनल, म्हणजे वर चढायच्या शेवटच्या जागेसाठीचा सामना, अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. शेफील्ड युनायटेडने पहिल्या हाफमध्येच गोल केला. दुसराही झालाच होता, पण व्हीएआरने (व्हिडिओ पंचांनी) तो रद्द केला आणि जीव भांड्यात पडला. ७६व्या मिनिटाला मायेंडाने बरोबरी साधली. मग ९५व्या मिनिटाला टॉम वॉटसनने बॉक्सबाहेरून चेंडू जमिनीलगत, अगदी कोपऱ्यात मारला. त्या पोराचं ब्रायटनला जाणं आधीच ठरलेलं होतं. जाता जाता आम्हाला वर चढवून गेला. तेव्हा मी ढसाढसा रडले होते, आता हे लिहितानाही घसा दाटून येतोय.

पण काळीज घट्ट करून आकडे बघायलाच हवेत. चॅम्पियनशिपमधून, म्हणजे खालच्या लीगमधून, लीड्स आणि बर्नली प्रत्येकी १०० गुणांनी वर आले, आपले ७६. लीगचे शेवटचे पाच सामने ओळीने हरून आपण प्ले-ऑफला पोचलो होतो. त्यात गेले दोन्ही हंगाम वर आलेले तिघेही लगेच खाली गेले. गेल्या वर्षी लेस्टर २५, इप्सविच २२, साउदॅम्प्टन १२. तिघांचे मिळून ५९! सतराव्या, म्हणजे खाली जाण्यापासून वाचलेल्या शेवटच्या, टॉटनहॅमचे एकट्याचे ३८ होते. आपल्यालाही हे नवं नाही. २००५-०६ मध्ये पूर्ण हंगामात १५ गुण मिळाले होते.

मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते इप्सविचने. त्यांनी हात आखडता घेतला नव्हता. पण घेतले बरेचसे चॅम्पियनशिप गाजवलेले खेळाडू: श्मोडिक्स, फिलोजीन, आपलाच जुना जॅक क्लार्क. खाली ज्यांना कोणी अडवू शकत नव्हतं, त्यांना वर चेंडू घेऊन वळायलाही जागा मिळेना. म्हणून यंदाची आपली खरेदी मला पटली आहे. लेव्हरकुसेनने एकही सामना न हरता बुंडेसलिगा जिंकली तेव्हा झाका मिडफिल्डच्या मध्यभागी होता. अ‍ॅटलेटिकोचा रेनिल्डो, स्ट्रासबर्गचा दियारा, सादिकी... हे पोरखेळ खेळायला आलेले नाहीत. जोब बेलिंगहॅम डॉर्टमुंडला गेल्याचं दुःख आहेच, पण त्याची जागा रिकामी तरी राहिलेली नाही.

मला भीती आहे ती डिसेंबरची. १४ तारखेला घरच्या मैदानावर शेजारचे जुने वैरी न्यूकॅसल. २०१६ नंतरची लीगमधली पहिली डर्बी! आणि २१ पासून मोरोक्कोत आफ्रिका कप. दियारा सेनेगलचा, सादिकी काँगोचा, रेनिल्डो मोझांबिकचा, ताल्बी मोरोक्कोचा. हे सगळे एकदम गेले तर नाताळातल्या सामन्यांना उतरवायचं कोणाला? म्हणून माझं ठाम मत आहे की गुणांची बेगमी त्याआधीच करायला हवी, आणि तीही घरी, स्टेडियम ऑफ लाइटवर. बाहेरच्या मैदानांवर जे मिळेल ते पदरात पडलं म्हणायचं.

तरीही वाटतं, तरू. प्रशिक्षक ल ब्रीचा हा संघ शिट्टी होईपर्यंत सोडत नाही. प्ले-ऑफच्या सेमीफायनलमध्ये कॉव्हेंट्रीविरुद्ध आपल्या बॅलर्डने जादा वेळेत, १२२व्या मिनिटाला हेडर मारला होता, तेव्हा पायांत त्राण तरी कोणाच्या उरले होते? माझा अंदाज सतराव्या नंबरचा, ३७ गुण. सोळावा आला तर नाचेन.

चौथ्यांदा यादी केली. झाकाच्या एका बाजूला दियारा, दुसऱ्या बाजूला सादिकी. रिगचं नाव बाकावर लिहिताना पेन्सिल थांबली. गेल्या वर्षी सतरा वर्षांच्या या मुलाने मिडफिल्ड तोलून धरलं होतं. तरी तिथेच लिहिलं. वेस्ट हॅमचा बोवेन त्या बाजूने धावत सुटला तर मागे पळायला सादिकीच हवा.