शेवटून दुसरा बाक

‘शाळेने तुम्हाला काय दिलं?’ असं शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी आलेल्या पत्रात विचारलं आहे. शिस्त, संस्कार, गुरुजन यांवर बाकीचे लिहितीलच. मी नववी ‘ब’मधल्या बाकांवर लिहिते.

वर्षाच्या सुरुवातीला बाईंनी आम्हाला उंचीप्रमाणे बसवलं होतं. पहिली चाचणी होईपर्यंत ती रचना मोडून आमची आम्ही नवी केली होती. खिडकीजवळचा तिसरा बाक ‘तिचा’. ती हसली की आम्ही हसायचो. तिने एखादीला ‘अतिशहाणी’ म्हटलं की त्या मुलीशी बोलणं बंद. ती कधी कुणावर ओरडली नाही. ओरडायची गरजच नव्हती, निरोप पोचवायला मी होते.

हे लिहिताना हात अडखळतो. इतकी वर्षं मी ‘आमच्या वर्गात एक दादागिरी करणारी मुलगी होती’ अशीच गोष्ट सांगत आले. त्यात मी कुठे होते, ते कुणी विचारलं नाही.

पाचवीपासून माझ्या शेजारी बसणारी एक मैत्रीण होती. दोघींचं सामान अर्धं अर्धं: कर्कटक तिचं, कोनमापक माझा. नववीत स्नेहसंमेलनाच्या नाचाला आठ जणी हव्या होत्या आणि आम्ही नऊ होतो. खिडकीजवळच्या बाकावरून प्रश्न आला, “तुझी ती येणारे का गं नाचात?” ‘तुझी ती’ म्हटलं तिथेच निकाल लागला होता. मी म्हटलं, “तिला कुठे जमतो नाच!”

तिला जमत होता. माझ्यापेक्षा बरा.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा शेजारच्या जागेवर माझं दप्तर होतं. “इथे कुणीतरी बसणारे,” मी वहीत बघत म्हटलं. कुणीही बसणार नव्हतं. ती शेवटून दुसऱ्या बाकावर गेली. मधल्या सुट्टीत येऊन तिने माझा कोनमापक बाकावर ठेवला आणि कर्कटकासाठी हात पुढे केला. मी ते दिलं. बोलणं काहीच झालं नाही. कडाक्याचं भांडण झालं असतं तर मिटलंही असतं. आमच्याकडे भांडण व्हायचंच नाही, फक्त जागा भरलेली असायची. बाईंच्या लेखी आमचा वर्ग शाळेतला सगळ्यात शांत वर्ग होता.

दहावीत एक नवीन मुलगी आली आणि वर्गाचा कल फिरला. आठवडाभरात माझं दप्तर तिच्या शेजारी होतं. खिडकीजवळच्या बाकावर जुनी राणी एकटी. तिची कीव यायला मला बरीच वर्षं लागली.

पुढे बी.एड.ला समाजमिती शिकले, म्हणजे गटात कोण कुणाला निवडतं ते मोजून मांडण्याची पद्धत. १९३२ साली न्यूयॉर्क राज्यात हडसन इथल्या मुलींच्या एका निवासी संस्थेतून दोन आठवड्यांत १४ मुली पळून गेल्या. मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी तिथल्या मुलींना विचारलं, तुला कुणाबरोबर राहायला आवडेल? उत्तरं त्यांनी बाणांनी कागदावर मांडली. कुणाकडे भरपूर बाण, कुणाकडे एकही नाही. पळून जाण्याची लागण कुठल्या वाटेने पसरली, ते त्यांनी या जाळ्यातून दाखवलं. पुढच्या संशोधकांनी आणखी एक भेद केला, तो मला फार पटतो: वर्गात जिचा वट असतो ती आणि मुलींना मनापासून आवडते ती, या दोघी एकच असतील असं नाही.

त्या रात्री होस्टेलवर मी नववी ‘ब’चं चित्र काढायला बसले. इतरांचे बाण अंदाजाने काढले. माझा काढताना अंदाजाची गरज नव्हती. पेन्सिल खिडकीकडे गेलीच नाही, सरळ मागे गेली.

आता मीही शिकवते. ‘आपापल्या जोड्या करा’ असं वर्गात कधी म्हणत नाही, कारण उरणारी मुलगी कोण ते सगळ्यांना आधीच माहीत असतं. दर सोमवारी चिठ्ठ्या काढून जागा ठरतात. मुली कुरकुरतात. कुरकुरू देत.

महोत्सवाला येणाऱ्यांची यादी परवा व्हॉट्सअ‍ॅपवर आली. त्यात माझ्या त्या मैत्रिणीचं नाव आहे. सभागृहात खुर्च्यांवर नंबर नसतील, जो तो आपापली जागा बघून बसेल, असंही कळवलं आहे.