रागावण्याच्या इंग्रजी शब्दांची पेटी: कप्पे बदलले

मंडळी, या पावसात फोंड्याला घरात अडकून पडल्यावर चिठ्ठ्यांची पेटी पुन्हा उपसली. आतापर्यंत शब्द सौम्य ते जहाल असे लावले होते. तळाला चाइड, मग स्कोल्ड, मग रिब्यूक, अगदी वर कॅस्टिगेट. कोशांना ही उतरंड भारी आवडते. वाक्य लिहायला बसलं की मात्र ती फारशी कामाला येत नाही. म्हणून आता कप्पे केलेत ते कोण कुणाला बोलतंय, यावर.

रेप्रिमांडला खुर्ची लागते. आयसीसीच्या आचारसंहितेत पहिल्या पातळीच्या गुन्ह्याला कमीत कमी शिक्षा अधिकृत रेप्रिमांडची, जास्तीत जास्त सामन्याच्या निम्म्या मानधनाची. 1961 साली ‘ब्लिट्झ’चे संपादक करंजिया यांना लोकसभेपुढे उभं करून रेप्रिमांड केलं गेलं, तेही याच जातीचं. शेजारीण पोरांना रेप्रिमांड करते असं लिहिलंत, तर ती थेट मामलेदार वाटेल. तिला स्कोल्ड पुरे.

संसदीय प्रथेत रेप्रिमांडच्या खालची पायरी अ‍ॅडमॉनिशची. लॅटिनमधल्या ‘सावध करणे’ या अर्थाच्या धातूपासून तो आला. वर्गातला मॉनिटरही त्याच घरचा. अ‍ॅडमॉनिशची नजर पुढे असते. ‘सांभाळून राहा’ असं कुणाला अ‍ॅडमॉनिश करता येतं, रिब्यूक मात्र झाल्या गोष्टीबद्दलच. आपलं ‘समज देणे’ इथे चपखल बसतं, आणि रिब्यूकला ‘खडसावणे’.

सगळ्यात जास्त वेळ सेन्शरने खाल्ला, आणि मजाही तिथेच आली. केंद्रीय नागरी सेवेच्या 1965 च्या नियमांत किरकोळ शिक्षांच्या यादीत पहिलं नाव याचंच. सरकारी मराठीत त्याला ठपका म्हणतात. साहेबाने नुसती ताकीद दिली तर ती शिक्षेत धरत नाहीत, ठपका धरतात. लोकसभेत सेन्शरचा ठराव आणायचा तर सरकारचं काय चुकलं ते मांडावं लागतं. अविश्वासाच्या ठरावाला कारण द्यावं लागत नाही.

हे सगळं शेजारच्या भाईंना सांगत होतो. भाई लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या शाळेत, शिकलेले, पोर्तुगीज अजून तोंडात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “सेंसुरा म्हटल्यावर आम्हाला आधी आठवतो पेपर तपासणारा, रे! ठपका मागाहून.” सालाझारच्या राजवटीत वर्तमानपत्रांवर ‘व्हिझादु पेला सेंसुरा’, म्हणजे तपासनिसाच्या नजरेखालून गेलेलं, असा शेरा छापून यायचा. इंग्रजीने सेन्सर आणि सेन्शर असे दोन वेगळे शब्द ठेवले. पोर्तुगीजमध्ये काटछाट आणि ठपका दोन्हींना सेंसुरा चालतो. मूळ एकच: रोमचा सेन्सर हा अधिकारी नागरिकांची गणतीही करायचा आणि त्यांच्या वागणुकीवर लक्षही ठेवायचा. आणि पोर्तुगालच्या संसदेत सेंसुराचा ठराव पूर्ण बहुमताने मंजूर झाला की सरकारच पडतं. म्हणजे तिकडचा ‘ठपका’ आपल्या अविश्वासाच्या ठरावाइतका जड. चिठ्ठीची दुसरी बाजूही भरली.

रिप्रोचला खुर्ची नको, जवळीक लागते. ज्याच्याकडून अपेक्षा होती त्याने निराश केलं, की रिप्रोच. तो नुसत्या डोळ्यांनीही करता येतो, आणि स्वतःला स्वतःही करता येतो. बाकीचे बहुतेक शब्द तोंड उघडल्याशिवाय जमत नाहीत. माझ्या मते या पेटीतला सगळ्यात देखणा शब्द हाच. मराठीत ‘बोल लावणे’ जवळ जातं, पण त्या डोळ्यांचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही.

खालून वर जाणारा शब्द पेटीत एकच सापडलाय, रिमॉन्स्ट्रेट. फातोर्ड्याचा फुटबॉल सामना डोळ्यांपुढे आणा. खेळाडू हात पसरून पंचाशी रिमॉन्स्ट्रेट करतो आणि पंच त्याला कॉशन करतो, म्हणजे पिवळं कार्ड. हा कॉशन कार्डापेक्षा जुना. विश्वचषकात पिवळं कार्ड आलं ते 1970 साली, मेक्सिकोत. त्याआधी पंच तोंडीच बजावायचे.

वर्तमानपत्री चिठ्ठ्या वेगळ्या बांधल्यात. मथळ्यात जागा थोडी, म्हणून तिथे स्लॅम, रॅप असे आखूड शब्द. न्यायालयाने सरकारला ‘पुल्ड अप’ केलं हे तर आपल्याकडे रोजचंच. मराठी पेपर तिथे ताशेरे ओढतात. टिक ऑफ जपून वापरा: लंडनमध्ये त्याचा अर्थ झापणे, अमेरिकेत राग आणणे.

बिरेट आणि अपब्रेड अजून टेबलावरच आहेत. दोन्हींत बोलणं लांबतं, पण बिरेटमध्ये आवाजही चढतो असं माझं मत. ‘खरडपट्टी’ बिरेटला द्यावी म्हणतो. अपब्रेडसाठी ‘फैलावर घेणे’ सुचलंय, पण त्यात चौकशीचा वास येतो. कुणाकडे याहून बरं काही असेल तर कळवा, मग तो कप्पा बंद करतो.